शिक्षा बंद

देवाशप्पथ, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. कुसुमताईंनी वही शिक्षण खात्याच्या दौलतसिंह साहेबांच्या टेबलावर अशी आपटली की दौतीतली शाई उडून थेट छताला लागली.

वहीत दोन वर्षांची मेहनत होती. कुसुमताई मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई. सरदारांच्या मुली घरच्या बागेत हुंदडायच्या. फौज मोडल्यावर घरी बसलेल्या शिपायांच्या मुली मात्र एका खोलीत, सात माणसांत खोकत पडायच्या. ताईंनी अशा वीसजणींना रोज तासभर मैदानात पळवलं. उरलेल्या वीसजणी वर्गातच. छातीचं माप, तापाचे दिवस, सगळं टिपून ठेवलं. पळणाऱ्यांचं आजारपण निम्म्यावर आलं. दोन पायऱ्या चढून बसकण मारणारी दुर्गा आता लंगडीत कुणाच्या हाती लागेना. आता चाळीसजणींना बाहेर काढायचं, तर हा हुकूम.

ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं, मध्य भारत झाला, सरकार निम्मं वर्ष ग्वाल्हेरात नि निम्मं इंदुरात राहायला लागलं. त्याच्या जीपगाड्यांना शाळेचं मैदान हवं झालं. हुकूम आला हिंदीत: कन्या पाठशाला में शारीरिक शिक्षा बंद.

साहेबांनी शांतपणे दुसरा कागद पुढे सरकवला.

"माताएँ तो ख़ुश हैं, बाईजी."

खाली आयांचे अंगठे, आणि वर सरकारचे आभार!

ताई तशाच तरातरा पाटणकर बाजारामागच्या शिपायांच्या वस्तीत गेल्या. तिथे उलगडा झाला. हुकूम भटजींच्या इंदुताईंनी बायकांना वाचून दाखवला होता. जन्म ग्वाल्हेरात गेला तरी या मराठी घरांत शिक्षा म्हणजे शिक्षण नव्हे, मार. पोरींना मारणं बंद झालं, असं समजून बायकांनी साखर वाटली आणि अंगठे उठवले. दुर्गाच्या आईने ताईंच्याही हातावर चिमूटभर ठेवली.

"आता पोरी निवांत बसतील हो, बाई."

ताईंनी साखर तोंडात टाकली नाही. मूठ आवळून धरली, ती चिकट होईपर्यंत.

सोमवारी चाळीसच्या चाळीस मुली शाळेत उशिरा आल्या. ताईंनीच तसं बजावलं होतं. मग त्यांनीच सगळ्यांची नावं लिहून घेतली आणि मैदानाला पाच-पाच फेऱ्या मारायला लावल्या. मंगळवारी पुन्हा उशीर, पुन्हा फेऱ्या. बुधवारीही तेच. गुरुवारी साहेब स्वतः जीप घेऊन मैदानात आले.

"बंद किया था न? फिर ये क्या है?"

"शिक्षा."

"कौन सी शिक्षा?"

"मराठीतली," ताई म्हणाल्या. "उशिरा येतात कार्ट्या. पळवू नको तर काय करू?"

दुर्गाच्या पाच फेऱ्या झाल्या होत्या. ती कुणी न सांगता सहावीला लागली. साहेब तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी ड्रायव्हरला जीप बाजूला घ्यायला सांगितलं.

बरं, जीप बाजूला घेतली, तेवढं पदरचं घातलंय. ती मैदानाच्या मधोमधच उभी होती. पोरी तिला वळसा घालून पळायच्या.