माझं झाकण कोणी उघडलं नाही

मी एक जुनं इंजिन आहे, मित्रांनो, आणि मला राग आला आहे. होडीच्या मागे लटकणारं, तेल मिसळलेलं पेट्रोल पिणारं, पंधरा घोड्यांचं. कारखान्याने मला जन्म दिला, पण मला चालायला शिकवलं ते तेबुरेआने. तिचा बाप वीस वर्षं परदेशी जहाजांवर इंजिनात तेल घालत होता. मुलगा होता, तरी तिला कळत होतं म्हणून त्याने तिला शिकवलं.

माझ्या पोटात पिस्टन वरखाली धावतो. तो माथ्याला पोचण्याच्या जरासं आधी ठिणगी पडली पाहिजे. जरासं म्हणजे किती, यावर माणसाचा जीव अवलंबून असतो. उशिरा पडली तर मी नुसता खोकतो. फार लवकर पडली तर वर येणाऱ्या पिस्टनच्या टाळक्यात आग बसते. आधी वाटतं, वा, काय पळतंय. मग टाळकं वितळतं.

तेबुरेआ प्लग काढून त्या भोकात नारळाचा हीर सोडायची. हीर वर चढायचा थांबला, म्हणजे पिस्टन माथ्याला पोचला, की हिरावर नखाने खूण करायची आणि माझ्या डोक्यावरचं चाक हळूच मागे फिरवायची. हीर दोन मिलिमीटर खाली गेला की थांबायची. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटच्या फटीत तंबाखू वळायचा पातळ कागद धरलेला असायचा. तो नेमका तिथे सैल सुटला पाहिजे. नाही सुटला तर पॉइंट जिच्यावर बसतात ती आतली ताटली केसभर फिरवायची आणि पुन्हा पहिल्यापासून. ताटली बरोबर बसली ती जागा तिने कानशीने खाच पाडून ठेवली होती.

तिचा नवरा काबुआती प्रवाळाच्या रांगेपलीकडे मासेमारीला जायचा. तिथला प्रवाह पश्चिमेला ओढतो, आणि पश्चिमेला कितीतरी दिवस नुसतं पाणी आहे. मासे धरणं त्याचं काम. त्याला घरी आणणं माझं. नऊ वर्षं मी ते चोख केलं.

मग स्वातंत्र्यदिनाच्या होड्यांच्या शर्यती आल्या आणि तेबुरेआचा भाऊ योतेबा दारात उभा राहिला.

"दाजी, बुबुती करायला आलोय. इंजिन द्या."

नात्यातल्या माणसाने बुबुती म्हणून मागितलं की आमच्या बेटावर नाही म्हणत नाहीत. नाही म्हणणाऱ्याचं नाव मानेआबात, गावाच्या सभागृहात, वर्षभर चघळतात. काबुआती म्हणाला, "ने."

तेबुरेआ म्हणाली, "ने, पण आतल्या ताटलीला हात लावू नकोस."

"ताई, मी काय लहान आहे?"

"लहान असतास तर बरं होतं. कान धरला असता."

त्याने हात लावला. दोन स्क्रू सैल केले आणि ताटली फिरवली, अंदाजाने. हीर नाही, कागद नाही. मी पळालो. टाळक्यात घण पडत होते आणि काठावरची माणसं म्हणत होती, ऐका, इंजिन गातंय. योतेबा पहिला आला. माझ्या गळ्यात फुलांची माळ घातली. मित्रांनो, किंचाळणाऱ्याला कोणी माळ घालतं का?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला परत आणलं, सोबत माडीची बाटली. तेबुरेआ पाना घेऊन आली.

"आत्ता नको," काबुआती हळूच म्हणाला. "तो समोर बसलाय."

"समोर बसलाय म्हणूनच."

"दिलेली वस्तू त्याच्या तोंडावर तपासायची? मेहुण्यावर भरवसा नाही म्हणतील."

"मग तो गेल्यावर बघते."

पण तो गेलाच नाही. जेवला, पुन्हा जेवला. ओहोटी लागली. पाणी उतरलं की वाट बंद होते, म्हणून काबुआतीने मला होडीला अडकवलं. होडी ढकलायला हात कोणाचा? योतेबाचा. ताटलीचं मात्र सांगितलं नाही. सांगितलं असतं तर शर्यत ताटलीने जिंकली असं झालं असतं ना.

रांगेपलीकडे कुपा माशांची झुंड दिसली. काबुआतीने मला पूर्ण वेगात सोडलं आणि माझ्या पिस्टनला भोक पडलं.

त्याने दोरी ओढली. शंभरदा ओढली असेल. तो मला शिव्या देत नव्हता, विनवत होता. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

अकरा दिवस. पावसाचं पाणी, कच्चे मासे, फुटलेले ओठ. बाराव्या दिवशी एका परदेशी जहाजाने आम्हाला उचललं.

घरी आल्यावर मानेआबात प्रार्थना झाली, मेजवानी झाली. गावातला म्हातारा तियाओन म्हणाला, "इंजिन म्हातारं झालं होतं. होडीला नांगर म्हणून बांधा." सगळ्यांनी माना डोलावल्या. योतेबानेही. काबुआतीनेही! मी बाहेर निरफणसाखाली पडून ऐकत होतो, अंगावर कोंबडी बसली होती.

तेबुरेआने पाना घेतला आणि माझं चाक उपटलं. ताटली पाहिली. मग ती ताटली घेऊन सरळ आत गेली. तिथे म्हातारे बोलतात, बायका मागे बसतात. ती बसली नाही. ताटली चटईवर ठेवली.

"ही खाच मी पाडलेली. हा स्क्रूचा ताजा ओरखडा कोणाचा?"

"ताई, शर्यतीपुरतं केलं होतं," योतेबा म्हणाला. "मग विसरलो."

"अकरा दिवस मी किनाऱ्यावर बसले. शेजारी बसून तू माझा निरफणस खाल्लास. अकरा दिवसांत आठवलं नाही?"

तियाओन म्हणाला, "पोरी, घरातलं घरात बोलावं."

"आजोबा, मी बोलत नाहीये, मागत्येय. योतेबा, बुबुती. तुझ्या बंद पडलेल्या इंजिनातला पिस्टन दे. आणि तुझे दोन हात दे."

नाही म्हणायची सोय कोणालाच नव्हती. मागायची रीत एकट्या योतेबाची थोडीच होती?

निरफणसाखाली सगळ्या गावासमोर त्याने पिस्टन बसवला. मग हीर हातात घेतला आणि अडला.

"किती खाली, ताई?"

"दोन."

हाच प्रश्न तेव्हा विचारला असता तर? मला अजून तेच डाचतं.

कागद सैल सुटला. त्याने स्क्रू आवळले, पुन्हा तपासलं, तिसऱ्यांदा तपासलं.

"आता लाव होडीला," ती म्हणाली. "रांगेपलीकडे जाऊन ये."

"बरोबर कोण?"

"कोणी नाही."

"बरोबर लागलंय ना, ताई?"

"तू लावलंस. तुला माहीत."

तो गेला. मीही गेलो, आणि त्याला परत आणलं. मला सूड घेता आला असता, पण माणसाला घरी आणणं हे माझं काम आहे. मी ते विसरत नाही.

काबुआती आता रांगेपलीकडे जात नाही. तेबुरेआ जाते. तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे, मित्रांनो: ज्यावर कोणाचा जीव अवलंबून आहे, त्या वस्तूबाबत शिष्टाचार पाळू नका. हल्ली मला कोणी मागून नेलं आणि परत आणलं, की काबुआती माणूस समोर असतानाच पाना घेतो आणि माझं झाकण उघडतो. लोकांना राग येतो.

येऊ दे.