रिकामी डबी

शुक्रवारी प्रार्थनेच्या तंबूत इतकी गर्दी होती की गावातली दोन्ही चर्च ओस पडली असावीत. ओक्लाहोमातलं आमचं गाव चमत्काराला भुकेलेलं. इथे घडलेला शेवटचा चमत्कार म्हणजे रस्त्याची दुरुस्ती.

फिरता धर्मोपदेशक ब्रदर लायलने बरणी उंच धरली. आत नितळ पाणी. "या पाण्यात देव झोपलाय, बहिणींनो! मी फक्त हाक मारतो!" त्याने बोट बुडवलं. बोटाभोवती पांढरे काटे उगवले आणि बघता बघता बरणीभर पाण्याचा दगड झाला. आग नाही, वीज नाही, तरी दगड गरम! बरणी ल्युसिंडाकाकूंच्या हातात देत तो गरजला, "ही ऊब तुझ्या रक्तात गेली! आता इन्सुलिनच्या सुया कशाला?"

काकू म्हणजे आमच्या टीग सरांच्या बायको. पदार्थ वितळताना किती उष्णता पितो, हे मोजण्यात सरांचा जन्म गेला. मी त्यांच्याच प्रयोगशाळेत कामाला. आमच्या यंत्रात दोन चिमुकल्या डब्या शेजारी शेजारी तापवतात, एकीत पदार्थ, दुसरी रिकामी. दोघींत जो फरक पडेल, तेवढाच पदार्थाचा. रिकामी डबी विसरणाऱ्याला सर सगळ्या प्रयोगशाळेची भांडी घासायला लावत.

सोमवारी सर तीच बरणी घेऊन आले. "ही ऊब आली कुठून, सांग पोरा."

"सांगतो. काकूंचं इन्सुलिन चालू आहे ना?"

"शुक्रवारीच कचऱ्यात टाकलं. तहान तेवढी फार लागते. ब्रदर म्हणतो, ती आत्म्याची तहान."

"सर, त्यांच्या शरीरात इन्सुलिन बनतच नाही! आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या!"

"दगड मी स्वतःच्या हाताने चाचपलाय."

"आणि रिकामी डबी? लायलने बोट घातलं नसतं तर काय झालं असतं?"

"श्रद्धेला रिकामी डबी लागत नाही," म्हणत सर बरणी तिथेच ठेवून निघून गेले.

मी सरांच्या घरी ॲम्ब्युलन्स बोलावली. काकूंनी ती हसून परत पाठवली. मग मी दगडाचा कण यंत्रात घातला. अठ्ठावन्न अंशांना वितळला. सोडियम ॲसिटेट! हिवाळ्यात शिकारी खिशात हात शेकायच्या पिशव्या ठेवतात, त्यांतलं मीठ. थोड्या पाण्यात तापवून अलगद निववलं, तर ते गार होऊनही पातळच राहतं आणि वितळताना प्यालेली उष्णता पोटात दाबून बसतं. त्याच मिठाचा एक कण पडला की गोठतं आणि सगळी उष्णता ओकतं. लायलचा देव त्याच्या नखात होता.

मी तशाच दोन बरण्या तयार केल्या आणि त्या निवताच संध्याकाळी तंबू गाठला. काकू खुर्चीत धापा टाकत होत्या. श्वासाला सडक्या फळांचा वास, इन्सुलिन तुटल्याची खूण.

"आत्मा संचारलाय!" लायल ओरडला.

मी मंचावर चढून, नखात मिठाचा कण धरून, माझ्या एका बरणीत बोट घातलं. दगड! मग एका आजीबाईंनी गुडघे टेकले. "अगं बाई, हाही संतच निघाला!" आणि माझ्यापुढे रांग लागली.

"आजी, मी संत नाही! मी पारोसाच डोनट खाऊन आलोय!"

"नम्रसुद्धा आहे," आजी मागच्यांना म्हणाल्या.

शेवटी त्यांच्या तळहातावर मीठ ओतलं आणि दुसरी बरणी पुढे केली. "एक कण टाका." त्यांनी टाकला. दगड! आजींनी तळहाताकडे पाहिलं, मग लायलकडे. "ए बाबा, जरा नखं दाखव बघू."

लायल तंबूच्या मागून पसार झाला. सरांनी काकूंना उचललं. दवाखान्यापर्यंत त्यांचा श्वास चालू होता. पहाटे थांबला.

आता सर रोज यंत्राशी बसतात. एकदा म्हणाले, "सोमवारी तुझं ऐकलं असतं, तर?"

त्या प्रयोगाची रिकामी डबी जगात कुठेच मिळत नाही.

म्हणून सांगतो, विचारायचं ते आधी विचारा. कुणी हात लावून दगड, पैसा, आजार, काहीही बदलून दाखवलं, तर टाळी वाजवण्याआधी म्हणा, "आता हात न लावता दाखव." आणि तोवर औषध बंद करू नका.