मागची बाजू

"फ्रेमसकट आणलंत? मग खिळाही आणायचा होतात, इथंच टांगलं असतं," कॉलेजच्या प्रवेशखिडकीतल्या बाई म्हणाल्या. मागं रांगेत दोघंतिघं हसले.

समोर उभ्या मुलीला हसू आलं नाही. तिचे बाबा बसमध्ये उभ्यानं ती फ्रेम घेऊन आले होते. टॉवेलात गुंडाळलेली, काच आतल्या बाजूला, छातीशी धरलेली. फ्रेम अशीच न्यायची, हा त्यांच्या फ्रेमा बनवण्याच्या धंद्याचा रिवाज. धक्का लागला तर आपल्या पाठीला लागावा, काचेला नाही.

"मूळ गुणपत्रिका आहे बाई. काच काढून देतो की," बाबा म्हणाले.

"मला पुढची बाजू नकोच आहे. जन्मसालाची दुरुस्ती मागच्या बाजूला आहे, असं हिनं अर्जात लिहिलंय. ती सही आणि शिक्का बघितल्याशिवाय मी प्रवेश देऊ शकत नाही. पाचला खिडकी बंद. आणि ही शेवटची यादी आहे, उद्या येऊ नका."

बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. मागच्या बाजूला त्यांनी स्वतःच्या हातानं पुठ्ठा चिकटवला होता.

त्या गुणपत्रिकेनं बापलेकीच्या नाकी नऊ आणले होते. जन्मसाल चुकीचं छापल्यामुळे कागदोपत्री तिनं शाळेची शेवटची परीक्षा तेराव्या वर्षी दिली होती. एवढी हुशार ती कधीच नव्हती. दोन वर्षं तिनं परीक्षा मंडळाच्या कचेरीत चपला झिजवल्या. बाबा दुकान बंद करून सोबत यायचे आणि बाहेरच्या बाकावर बसून राहायचे. शेवटी एका साहेबांनी गुणपत्रिका उलटी केली, मागं शाईनं दुरुस्ती लिहिली, सही ठोकली, शिक्का मारला. त्याच आठवड्यात ती मावशीकडे गेली, आणि आनंदाच्या भरात बाबांनी दुकानातली सगळ्यात चांगली लाकडी पट्टी काढली. कागदाला पोक येऊ नये म्हणून तो खळ लावून पुठ्ठ्यावर बसवला. मागं काहीतरी खरडलेलं त्यांना दिसलं होतं. पण उभ्या आयुष्यात त्यांनी कागदाची एकच बाजू मानली होती, काचेतून दिसते ती.

ती परत आली तेव्हा गुणपत्रिका भिंतीवर होती आणि बाबा स्टुलावर उभे राहून काच पुसत होते. मागची सही पुठ्ठ्याखाली गेली, हे तिनं ओळखलं. पण त्यांचा चेहरा बघून तिनं जीभ आवरली. दोन याद्यांत नाव आलं नव्हतं, तिसरीत कुठलं येतंय? एक तारखेपासून औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला जायचं मामानं ठरवूनही टाकलं होतं. मग कशाला बोला? आज दुपारी यादीत नाव दिसलं, आणि ते न बोलणं तिच्या अंगाशी आलं.

"किती वाजले?" बाबांनी विचारलं.

"साडेतीन."

"कँटीन कुठंय?"

कँटीनवाल्या काकांनी एक टेबल पुसून दिलं, किटली उकळत ठेवली आणि कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. बाबांनी खिळे उपसले, काच बाजूला केली. खिशातून कागदात गुंडाळलेलं पातं काढलं. ते पातं त्यांच्या खिशात सदा असायचं.

"वाफ दिली की खळ सुटते," ते म्हणाले. "पण शाईची सही आहे म्हणतेस. वाफेनं शाई फुटणार. तेवढा भाग कोरडाच सोडवायला लागेल. कुठं आहे सही?"

"उजवीकडे. खाली."

"कुठली उजवी? मागनं बघताना, का पुढनं?"

समोर होती ती पुढची बाजू. तिनं डोळे मिटले. साहेबांचं टेबल, पाण्याचा पेला, पेन. साहेबांनी कागद पानासारखा उलटला होता. सही त्यांच्या उजव्या हाताखाली होती. म्हणजे मागून उजवीकडे. म्हणजे पुढून...

"डावीकडे," ती म्हणाली. "खाली डावीकडे."

"नक्की?"

"नक्की," ती म्हणाली.

बाबांनी पुन्हा विचारलं नाही. तो कोपरा रुमालानं झाकून त्यांनी बाकीच्याला वाफ दिली. कागद पालथा घालून पुठ्ठा उकलायला घेतला. "कागद ओढायचा नाही. पुठ्ठा सोलायचा, पदर पदर." कोपऱ्याशी आल्यावर त्यांनी पातं आडवं धरलं. भिंतीवर साडेचार वाजले. पावणेपाच झाले. पुठ्ठ्याचा शेवटचा पदर निघताना टर्र असा बारीक आवाज आला आणि बाबांचा हात थांबला.

"माझ्यामुळं झालं बाबा. मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"गप. हात हलेल माझा."

पाचला सात कमी असताना बाईंनी कागद उजेडात धरला. शिक्का होता, साल होतं. "सहीचा शेवट कुठंय?"

बाबांनी तळहात उघडला. पुठ्ठ्याची नखाएवढी कपची होती. तिला कागदाचा पापुद्रा चिकटून आला होता आणि त्यातून सहीचं शेपूट उलटं दिसत होतं. त्यांनी ती सहीशेजारी ठेवली. "फाटलं ते माझ्या हातून. मुलीची चूक नाही."

बाईंनी कपची बघितली, मग बाबांची बोटं बघितली. वाफेनं ती भाजून लाल झाली होती. त्यांनी टाचणी घेतली, कपची अर्जाला टोचली आणि प्रवेशाचा शिक्का मारला. "जा आता," त्या म्हणाल्या. "आणि पदवी मिळाली की फ्रेम करू नका."

तिच्या पदवीची फ्रेम खरंच झाली नाही. तिनं ती पदवी दुकानात आणली तेव्हा बाबांनी हात पुसून घेतली आणि आधी उलटी करून बघितली. मागं काहीच नव्हतं. तरी म्हणाले, "झेरॉक्स आण, ती लावतो." पुढं कुणीही मूळ कागद घेऊन आलं की त्याला ते झेरॉक्सच्या दुकानात पिटाळायचे.

त्या लाकडी फ्रेममध्ये त्यांनी तो सोललेला, खरबरीत पुठ्ठाच बसवला आणि गल्ल्याच्या वर टांगला. गिऱ्हाइकं विचारायची, "हे कसलं चित्र?"

"मुलीचं ॲडमिशन," बाबा सांगायचे आणि कामाला लागायचे.

सव्वीस वर्षांनी, बाबा गेल्यावर, ती वर्गातला तास संपवून दुकान रिकामं करायला आली. भंगारवाल्यानं भिंतीवरची फ्रेम उतरवली, फुंकर मारली. "यात तर काहीच नाही मॅडम. काच ठेवतो, पुठ्ठा टाकू?"

"नको, द्या इकडं."

तिनं पर्समधून ओढणी काढली, फ्रेम गुंडाळली आणि बस स्टॉपवर येऊन उभी राहिली, काच आतल्या बाजूला, छातीशी धरून. बसमध्ये बसायला जागा होती. ती उभीच राहिली.