रोज एकच लाइन

वर विमानं जोडली जायची आणि हा गडी चौतीस वर्षं जमिनीखाली. पाण्याचे, हवेचे, तेलाचे पाइप, तारांचे नाले, सगळं त्याच्या ताब्यात. म्हणून कारखान्यात नाव पडलं पाताळकाका. कारखाना बंद पडला त्याला बारा वर्षं झाली. आता त्या अवाढव्य शेडमध्ये बिझनेस पार्क होणार होता. बेचाळीस कंपन्यांची बेचाळीस ऑफिसं, एकाच छपराखाली.

पहिल्याच आठवड्यात खोदाईच्या यंत्रानं एक पाइप फोडला आणि शेडचं तळं झालं. जुने नकाशे काढले, तर ओल लागून त्यांचा लगदा झालेला. तेव्हा कुठे साइटवरच्या इंजिनीअर बाईंनी काकांचा पत्ता शोधून काढला.

काका इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाले. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. लेक लांबच्या शहरात, आठवड्यातून एकदा फोन करायची. एरवी घरात बोलायचं तर स्वतःशीच. आणि इथे पाऊल टाकलं तर चारही बाजूंनी "काका, इकडे या", "काका, जरा बघता का?" बाईंनी हातात रंगाचा डबा दिला आणि म्हणाल्या, "जिथे जिथे लाइन असेल, तिथे आखत चला."

काकांना सगळं तोंडपाठ होतं. मनात आणलं असतं तर जेवणाच्या सुट्टीआधी काम हातावेगळं केलं असतं. पण पहिली लाइन आखून झाली, बाईंनी स्वतः चहा आणून दिला, आणि काकांच्या तोंडून निघून गेलं, "आज एवढीच आठवतेय. उद्या बघू."

झालं! रोज एक लाइन. काका कपाळाला हात लावायचे, डोळे मिटायचे, चार पावलं मुद्दाम भलतीकडे टाकायचे, मग "अरे हो, इथे!" नाटक असं बेमालूम की कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. लबाडी ती लबाडीच. पण सोळा दिवस म्हातारा सुखात होता, खोटं कशाला बोला?

सतराव्या दिवशी शेडच्या दारात लेक उभी. खांद्याला बॅग.

"तू? अशी अचानक?"

"बाईंनी फोन केला मला. बाबा, तुम्हाला आठवत नाही म्हणे काही. पावलं चुकतात. मी डॉक्टरांची वेळ घेतलीय. आता एकटं राहायचं नाही. घराला कुलूप लावू आणि निघू."

काकांनी बाईंकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. "रागावू नका, काका. माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. मला राहवलं नाही."

लेकीच्या घरी सगळे सकाळी आठला बाहेर पडत. म्हणजे एकटेपणा होता तसाच, वर पेशंट म्हणून बसायचं. त्यांनी डबा उचलला.

"लिहून घ्या, बाई. उत्तरेच्या दारापासून नऊ पावलं, पाण्याची सहा इंची, चार फूट खाली. तिथून डावीकडे हवेची. हिला तीन वाकणं, दुसऱ्यापाशी व्हॉल्व्ह. तेलाची ही बंद केलेली, पण आत तेल आहे, जपून फोडा."

थांबणं नाही, अडखळणं नाही. बाई मागून धावत लिहीत होत्या, कामगार हातातली कामं टाकून बघत होते. सव्वा तासात शेडभर रेघा झाल्या.

लेक थक्क झाली, मग तिला सगळा उलगडा झाला. "म्हणजे इतके दिवस सोंग? का पण, बाबा?"

"गंमत केली गं."

"काय ही गंमत! रजा टाकून धावत आले मी." तिनं डोळे पुसले. "जाऊ दे, जीव भांड्यात पडला माझा. आता संध्याकाळच्या गाडीनं परत जाता येईल."

बाईंनी वही मिटली. "कमाल आहे तुमची, काका! महिन्याभराचं काम झालं. आता उद्यापासून तुम्हाला यायचा त्रास नाही."

काका रिकामा डबा घेऊन उभे होते. "एखादी राहिली असेल, बाई," ते हळूच म्हणाले. "उद्या येऊन बघतो."

"पुरे हं काका, आता नाही फसायची मी!" बाई म्हणाल्या.

सगळे हसले. काकांनाही हसावं लागलं.