पासवाल्या गुरुजींनी कापलेली खिडकी

मित्रांनो, आज मला सगळे स्टेशन म्हणतात, पण जन्मलो मी बंगला म्हणून. खेळण्यातल्या आगगाडीशेजारी ठेवायचा प्लास्टिकचा बंगला! उतरतं छप्पर, वर धुराडं, भिंती सुट्या सुट्या. अप्पाराव गुरुजींच्या लेकीनं, वंदनानं, मला पुण्याहून आणलं. "चांगली वस्तू आहे," म्हणत गुरुजींनी कपाटात ठेवून दिलं. नऊ वर्षं मी डांबराच्या गोळ्यांचा वास घेत पडून होतो. याला म्हणे जपणं!

मग गावच्या स्टेशनची जुनी इमारत पाडली. तिथले एकेकाळचे तिकीटबाबू नजीरभाई गुरुजींचे जिवलग. काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेलेली. "पाडायच्या आधी एकदा हात फिरवून घ्यायला पायजे होता," ते म्हणाले. गुरुजींनी त्याच दुपारी मला बाहेर काढलं, पट्टी धरली आणि पातं चालवलं. आई गं! एकाच रेघेवरून दहादा पातं, मग कट्‌कन मोडायचं, मग पॉलिशपेपरनं घासायचं. धुराडं गेलं, छप्पर सपाट झालं. खरं सांगू? भीतीपेक्षा मला उत्सुकताच जास्त होती, की आता आपलं होणार तरी काय!

दाराच्या डावीकडे तिकिटाची खिडकी कापून गुरुजींनी नजीरभाईंना बोलावलं. त्यांचं बोट भिंतीवरून सरकत आलं आणि थबकलं. चेहरा पार उतरला.

"गुरुजी, हे आपलं स्टेशन बिलकुल न्हाई. माझी खिडकी उजवीकडं होती."

"काय सांगता! तीस वर्षं परतूरच्या शाळेत अप-डाऊन केलं मी."

"पासवर केलं! अन् पासही परतूरलाच काढायचे. माझ्या खिडकीपाशी कधी आल्ते का तुम्ही?"

गुरुजी खजील झाले. समोरची भिंत एकच, दुसरी आणायची कुठून? धुराड्याच्या तुकड्यानं त्यांनी डावी खिडकी बुजवली. उजवीकडे पातं टेकवण्याआधी मात्र त्यांनी पट्टी तीनदा लावून पाहिली. भिंत तडकली असती, तर नजीरभाईंचं स्टेशन दुसऱ्यांदा गेलं असतं. मी जीव मुठीत धरून बसलो.

दुसऱ्या दिवशी नजीरभाईंचं बोट उजवीकडे गेलं, खिडकीत शिरलं आणि तिथंच राहिलं. मग गुरुजी वाकून म्हणाले, "बाबू, परतूर एक द्या."

"जल्दी करा, गाडी येऊन राह्यली!" नजीरभाई खेकसले आणि हसता हसता रडायला लागले. त्या स्टेशनवर गुरुजींनी काढलेलं ते पहिलंच तिकीट.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ मऊ फडक्यानं पुसत जा, पण मला काचेत कोंडू नका. नजीरभाई रोज चार वाजता ड्युटीवर येतात.