म्हावऱ्याची तवी

बोकडाचा भेजा ताटलीत ठेवला की आधी पसरतो, मग उगीच थरथरत राहतो. किशोरी रोज सकाळी नाकाला पदर लावून त्यावरची पातळ कातडी चिमटीनं ओढायची. ती बोटांना अशी चिकटायची की नंतर चहाचा कपही धरवत नसे. जन्म मासळी साफ करण्यात गेला होता, पण मासळी निदान डोळे उघडे ठेवून आपल्याकडे बघते तरी.

हे सगळं तिच्या भावानं, कल्पेशनं आणलेलं. त्याची मुलगी रिया कॉलेजात जीवशास्त्र शिकते. एका रविवारी ती सुकापूरला आत्याकडे आली आणि बोलून गेली, "मेंदूच्या पेशींत काही प्रोटीन्स एकमेकांना धरून राहतात. त्यामुळे आठवणी टिकत असाव्यात, असं शास्त्रज्ञांना वाटतंय."

दुसऱ्या दिवशी कल्पेश भेज्याची पिशवी दोन बोटांत धरून दारात हजर.

"पप्पा, खाल्लेलं प्रोटीन पोटातच मोडतं. ते डोक्यात चढत नाही," रिया फोनवर म्हणाली.

"मग तुझ्या डोक्यात काय चढलाय?" म्हणून त्यानं फोन ठेवला. पिशवी ठेवून निघूनही गेला. साफ करायला बहीण होतीच.

किशोरीला रियाचंच पटत होतं. पण चाळीस वर्षं पनवेलच्या बाजारात मासळी विकलेली तिची आई, हौसा, चार महिने तिला "तू कोनाची गो बाय?" विचारत होती. आईच्या तोंडून आपलं नाव एकदा निघावं, एवढ्यासाठी ती कातडी ओढत राहिली.

एके दिवशी स्टीलचं पातेलं करपलं होतं. किशोरीनं मान फिरवूनच फळीवरची काळी मातीची तवी काढली आणि भेजा तिच्यात टाकला. ती तवी आईची. तिच्यात फक्त म्हावरा, म्हणजे मासळीच शिजायची.

वास सुटला तशी हौसा भिंत धरत आत आली. तवीवर वाकली. शिळे बोंबील टोपलीत सापडल्यावर मुरडायची तसंच नाक मुरडलं.

"शी. किशे, म्हावऱ्याच्या तवीन ह्या काय घातलंस गो? किती येळा सांगलाय तुला."

किशोरीचा हात थांबला. "आये, काय बोललीस?"

"बाटवलीस. फेकून दे ती." हौसा मोरीत थुंकली, पुन्हा भिंत धरत खुर्चीवर जाऊन बसली. थोड्या वेळानं तिथूनच म्हणाली, "पानी दे गो बाय. तू कोनाची?"

संध्याकाळी कल्पेशचा फोन आला. "आयेनं खाल्ला का?"

"नाय. तोंडातपन घेतला नाय."

"मग उद्यापासून बंद करू?"

ओट्यावर तवी तशीच पडली होती. कडेला पांढरी चरबी थिजलेली. किशोरीनं नाकाला पदर लावला.

"भेजा आन तू," ती म्हणाली. "तवी मी अजून फेकली नाय."