चालू हाय

"लागत न्हाई हो," जयमाला म्हणाली. तिची दोन बोटं भीमराजच्या डाव्या मनगटावर घट्ट दाबलेली होती.

"नीट बघ."

"बगितलं! बसमधी ह्याच हातावर डोकं ठेवून घोरत हुता. चांगला हात काय कमी पडला का तुमाला?"

श्रीलंकेतल्या अनुराधापूरच्या तलावाच्या बांधावर दोघं बसली होती. मुलगा, तुषार, बोधिवृक्षाला वाहायला फुलं आणायला गेला होता.

मूत्रपिंडं निकामी झाल्यावर डायलिसिससाठी डॉक्टरांनी भीमराजच्या मनगटात शीर आणि धमनी जोडून दिली होती. तिथून रक्त इतक्या जोरात वाहायचं, की कातडीवरून बारीक थरथर लागायची. ती थांबली म्हणजे आत गुठळी. रोज सकाळी चहाआधी जयमाला तिथं बोटं टेकवायची, "चालू हाय" म्हणायची, मग घरातला दिवस सुरू व्हायचा. आज निघायच्या घाईत ते राहून गेलं होतं.

"तरी मी नको म्हनत हुते परदेश," ती म्हणाली. तुषारने कोलंबोत डायलिसिसची सोय केली, तरी तिचं मन तयार नव्हतं. हट्ट भीमराजचाच. सगळी नोकरी त्याने श्रीरामपूरच्या कालव्यावर पाटकरी म्हणून, गेट उघडून शेतांना पाळीने पाणी देण्यात घालवली होती. "दोन हजार वर्सांचा तलाव अजून पानी देतोय म्हनत्यात. एकदा बघू दे," एवढंच तो म्हणाला होता.

आता त्याच्या स्वतःच्या पाण्यालाही पाळी होती; डॉक्टरांनी दिवसाचे घोट ठरवून दिले होते. बाटली जयमालाच्या पिशवीत असायची. दर वळणावर शहाळ्यांचे ढीग दिसत होते आणि शहाळं तर साफ बंद. "पाटकरनीपुढं वशिला चालत न्हाई," असं तो बसमधल्या लोकांना सांगून हसवत आला होता.

आता मात्र कोणी हसत नव्हतं. जयमाला उठली. "तुषारला हाक मारते. दवाखाना बघू."

"बघू. आधी हितं ये."

बांधावर लोखंडी चाकाचं गेट होतं. भीमराजने तिचा तळवा गेटच्या उभ्या दांड्यावर ठेवला.

"काय लागतंय?"

"काय न्हाई. गार लोखंड."

"दाबू नको. हात सैल सोड. इसरली का?"

ती विसरली नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मैत्रिणींना नवऱ्यांनी श्रीरामपूरला नेऊन सिनेमा दाखवला होता. हिला भीमराजने सायकलवर डबलसीट बसवून कालव्यातून फुटणाऱ्या चारीचं गेट दाखवायला नेलं. वरून पाणी अगदी स्वस्थ दिसत होतं. "चालू हाय ते कळतं कसं?" तिने विचारलं. त्याने तिचा हात असाच दांड्यावर ठेवला. आधी काहीच कळलं नाही. मग हातातल्या काचेच्या बांगड्या दांड्याला लागून आपोआप बारीक वाजू लागल्या. सिनेमाचा राग त्या आवाजात कुठल्या कुठे गेला होता.

जयमालाने हात सैल सोडला. खालून वाहणारं पाणी दांड्यातून तळव्यात आलं. भीमराजने तोच हात अलगद उचलून आपल्या मनगटावर ठेवला. या वेळी तिने बोटं दाबली नाहीत.

"हाय," ती शेवटी म्हणाली. पदराने तोंड पुसलं. "चालू हाय."

"मग एक घोट?"

"दोन घ्या. पाळी मोडून देतेय, पोराला सांगू नका."

या उन्हाळ्यात कालव्याला पाणी सुटलं, तेव्हा जयमाला एकटीच चारीवर गेली. नवा पाटकरी मोबाईलवर बोलत होता. म्हातारी बाई गेटला धरून उभी आहे म्हटल्यावर तो जवळ आला.

"काकू, कोन पायजे?"

"कोन न्हाई, बाबा. चालू हाय का बघतेय."

भीमराज गेल्यावर तिने बांगड्या उतरवल्या नव्हत्या. तिने हात सैल सोडला. थोड्या वेळाने बांगड्या दांड्याला लागून बारीक वाजू लागल्या.